शिवण उसवण्याआधी

सिंदेवाहीच्या पलीकडच्या एका गावात निवृत्त स्काऊट मास्तरांनी माझ्यासमोर टिनाची पेटी उघडली, त्याला आता बावीस वर्षे झाली. वर लुगडी आणि धोतरे, मध्ये पेन्शनचे कागद आणि तळाशी घडी घातलेला खाकी सदरा. खिशावर बॅज, बाहीवर प्रावीण्याचे गोल बॅज, खांद्यावर 'चांदा' अक्षरांची पट्टी. गुरुजी दुपारभर एकेका बॅजवर बोट ठेवून बोलत राहिले. कोणत्या शिबिरात अवकाळी पावसाने तंबू झोपवले, कोणत्या मेळाव्यात रानातून वाघाचा आवाज आला आणि शेकोटीभोवतीची पोरे उठवून शाळेच्या वर्गात न्यावी लागली, सगळे त्यांना पाठ होते. मी निघताना ते म्हणाले, "घेऊन जा न जी, इथं उधई खाऊन टाकते." मी ब्लेड मागून घेतले, सात बॅज उसवले, पाकिटात टाकले आणि सदरा पुन्हा घडी करून पेटीत ठेवला.

ते सात बॅज आजही माझ्याजवळ आहेत. रंग चांगले टिकले आहेत. पण त्यांतला कोणता कोणत्या शिबिराचा, हे मला सांगता येत नाही. त्या दुपारी मी एक ओळ लिहून घेतली नाही. एवढे ऐकले ते लक्षात राहीलच, असे वाटले. गुरुजी गेले. दोन वर्षांनी त्या घरी पुन्हा गेलो, तेव्हा सदऱ्याचे पुसणे झाले होते.

जुन्या मेळाव्यांच्या बॅजवर अंक काढायचा ठरला, तेव्हाच संपादकीयाची सुरुवात या सदऱ्यापासून करायची हे मनाशी पक्के केले होते. कारण मी तेव्हा केले तेच आपल्यापैकी बरेच जण आजही करत आहेत. अल्बम बघायला येतात, पाने देखणी असतात, आणि बॅजखाली लिहिलेले असते: 'जिल्हा मेळावा, जुना'. त्या तीन शब्दांवर पुढच्या माणसाने काय बांधायचे?

शिवलेला सदरा काय सांगतो ते बघा. बॅजभोवतीचे कापड उन्हाने विटते, बॅजखालचे विटत नाही. दोन्हींतला फरक पाहिला की तो बॅज छातीवर किती काळ राहिला याचा अंदाज येतो. प्रथम सोपानाचा बॅज काढून द्वितीय, मग तृतीय सोपानाचा लावला असेल तर जुन्या टाक्यांची भोके बॅजच्या कडेने डोकावतात. दोरा कोणता, टाका आईच्या हातचा की शिंप्याच्या मशीनचा, तेही दिसते. बॅज उसवला की हे सगळे त्याच क्षणी संपते, आणि पुन्हा शिवून ते परत येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की सदरा मिळाला तर सदरा ठेवा, स्कार्फ मिळाला तर वॉगलसकट, म्हणजे त्याच्या कडीसकट, ठेवा. अल्बमात बसत नाही ही अडचण अल्बमची आहे.

चांदा-गडचिरोलीच्या संग्राहकाला एक लाभ आहे, तो पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला नाही. या मुलखाची नावे आणि सरहद्दी इतक्या वेळा बदलल्या की नुसत्या पट्टीवरून काळ बांधता येतो. स्वातंत्र्यापूर्वी चांदा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५० मध्ये त्या प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले आणि त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला.

आता ही साखळी बॅजला लावा. भारत स्काऊट्स आणि गाईड्सची पहिली राष्ट्रीय जांबोरी १९५३ मध्ये हैदराबादला झाली. बल्लारशाहून तिकडे थेट रेल्वे होती. आपल्याकडचा जो मुलगा तिथे गेला असेल, तो मध्य प्रदेशाच्या तुकडीतून गेला असणार. तेव्हा ब्रह्मपुरीच्या किंवा मूलच्या घरातून 'मध्य प्रदेश' लिहिलेली पट्टी निघाली, तर ती कुणी भोपाळहून आणली असे समजून बाजूला टाकू नका. ती आपलीच आहे. उलट, 'गडचिरोली जिल्हा मेळावा' आणि खाली १९७८ साल असा बॅज कुणी दाखवला, तर हात जोडून परत करा. त्या साली तो जिल्हाच नव्हता.

राजुऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. तो तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याकडे आला. वर्धा नदीच्या त्या काठावरच्या जुन्या घरात उर्दू अक्षरांचा स्काऊट बॅज मिळाला तर तो परका नव्हे. नदीच्या अलीकडचा मुलगा नागपूरकडे पाहून सलामी देत होता, पलीकडचा हैदराबादकडे. एकाच जिल्ह्याच्या संग्रहात या दोन्ही परंपरा ठेवता येतात, असे जिल्हे महाराष्ट्रात थोडे आहेत.

मात्र पट्टी काळाची एकच बाजू सांगते: ही वस्तू अमुक सालाच्या आधीची नाही. ती कधीपर्यंत वापरात होती हे पट्टी सांगत नाही. शाळेच्या कपाटात जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा असेल तर मास्तर तो संपेपर्यंत वापरणार. खेड्यातल्या शाळेत काटकसर हाच नियम असतो. 'चांदा' पट्टी लावून चंद्रपूर जिल्ह्याच्या मेळाव्याला गेलेली मुले नक्की असतील. रेल्वेच्या वस्तूंबाबत तर दुप्पट सावध राहा. प्रत्येक क्षेत्रीय रेल्वेची स्काऊट संघटना वेगळी, राज्याच्या बरोबरीची मानली जाते. आणि स्टेशनचे नाव आजही 'चांदा फोर्ट' आहे. तिथे 'चांदा' हा शब्द जुनेपणाचा पुरावा होत नाही. तिथे रेल्वेचे नाव वाचा. गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट हा मार्ग २००३ पर्यंत दक्षिण पूर्व रेल्वेत होता, नंतर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेला.

१९५० च्या आधीच्या वस्तूंसाठी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: कोणती संघटना? भारतात स्काऊटिंग १९०९ मध्ये बंगळुरात कॅप्टन बेकर यांनी सुरू केले, तेव्हा ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते होते. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला हिंदी मुलांसाठी संघटना काढली. त्यानंतर मालवीय, कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांची सेवा समिती आली. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. बॉय स्काऊट्स असोसिएशनच्या बाजूला आपल्या प्रांतात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्यासारखा नागपूरचा कायदेपंडित होता, जो पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ नोव्हेंबर १९५० ला हिंदुस्थान स्काऊट आणि बॉय स्काऊट्स हे दोन्ही प्रवाह एक झाले आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड्स त्यांत आल्या. स्काऊटांची फ्लर-द-ली, गाईडांचे तीन पानांचे ट्रेफॉईल आणि मध्ये अशोकचक्र असे एकत्र चिन्ह असलेला बॅज त्यामुळे या विलीनीकरणाच्या आधीचा असूच शकत नाही. चिन्ह कसे आहे हे सगळेच पाहतात. पण "तुमचे पथक कोणाकडे होते?" हा प्रश्न त्या घरात विचारणारा विरळा. त्या एका प्रश्नावर घरातले म्हातारे तासभर बोलतात, हा माझा अनुभव आहे.

गाईडांचे नाव आलेच आहे तर माझी एक खंत सांगतो. आपल्या अल्बमांत मुली जवळजवळ नाहीत. पुण्यात १९६६ पासून 'संगम' हे गाईडांचे जागतिक केंद्र आहे, देशोदेशीच्या मुली तिथे येतात, आणि आपण मात्र मुलांचे सदरे शोधत फिरतो. याचे कारण साधे आहे. आपण घराच्या कर्त्या पुरुषाला विचारतो. मुलगी लग्न होऊन गेली, गणवेश मागे राहिला. तेव्हा आजीबाईंना विचारा, आणि त्यांच्या माहेरचे गाव विचारा. तळोधीला दिलेल्या मुलीचे बॅज वडशाच्या घरी माळ्यावर असू शकतात.

खऱ्या-खोट्याच्या परीक्षेवर आतल्या पानांत सविस्तर लेख आहे, म्हणून इथे थोडेच. काठाला जाड, गोल वळवलेला मशीनचा टाका दिसला तर तो बॅज फार जुना म्हणून विकत घेऊ नका. जुन्या बॅजची कड कापलेली किंवा आत दुमडलेली असते. अतिनील दिव्याखाली दोरा निळसर-पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारे रसायन आहे, आणि ते दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आले. पण या परीक्षेवर आंधळा विश्वास नको. हेच रसायन धुण्याच्या पावडरीतही असते. एखाद्या सुनेने सासऱ्यांचा सदरा मायेने धुतला असेल, तर १९४० चा बॅजही दिव्याखाली चमकेल.

आपल्या हवेत या वस्तू टिकवणे हेच अर्धे काम आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, आणि पुढच्या दोन महिन्यांत भिंतींना ओल येते. या दोन टोकांत प्लास्टिकचे स्वस्त पाकीट सगळ्यात वाईट. ते घामेजते, कापडाला चिकटते आणि काही वर्षांनी त्याचा आंबट वास बॅजला लागतो. धुऊन खळ काढलेल्या सुती कापडात गुंडाळा, भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवा, पावसाळ्यानंतर सावलीत उघडून बघा. पितळी बॅजला चिंच लावू नका. आपल्या घरात पितळ घासणे हा गृहिणीचा मान आहे, हे मला ठाऊक आहे. पण चिंचेने मळाबरोबर अक्षरांची धारही जाते. कोरड्या मऊ फडक्याने पुसले की पुरे. आणि डिंक कशालाच नको.

बॅजपुरते थांबू नका. मेळाव्याच्या वस्तूंत आपल्या जंगलाचा खरा ठसा कापडावर नाही, बांबूवर आहे. संघाच्या ध्वजाची काठी, पेराच्या तुकड्याची वॉगल, आलापल्लीकडच्या सागाच्या ढलपीवर कोरलेले संघाचे चिन्ह, या वस्तू कुणी विकत नाही म्हणून कुणी जपतही नाही. 'खरी कमाई'च्या वहीत कोणत्या मुलाने काय काम करून किती पैसे आणले ते लिहिलेले असते. ७ नोव्हेंबरच्या ध्वजदिनाचे कागदी झेंडे, शिबिराच्या किराण्याच्या पावत्या, हजेरीपट हे सारे शाळेची रद्दी निघते त्या दिवशी जाते. रद्दीवाल्याच्या आधी शाळेत पोचणारा माणूस प्रत्येक तालुक्यात एक असला तरी पुष्कळ.

एका गोष्टीवर मात्र मी कडक बोलणार आहे. २०२३ मध्ये राजस्थानात रोहटला आणि २०२५ मध्ये तमिळनाडूत मणप्पाराईला मोठ्या जांबोरी झाल्या, आणि त्यांचे बॅज आता संग्राहकांत फिरत आहेत. मुलांनी मुलांशी अदलाबदल करावी. जांबोरीची ती सुंदर चाल आहे, आणि त्यातून झालेली मैत्री पुढे टिकते. पण मोठ्या माणसाने शिबिराच्या फाटकापाशी उभे राहून पोराच्या हातातला बॅज पैसे देऊन घ्यायचा नाही. त्याला त्याची किंमत अजून कळलेली नसते. आणि राज्य पुरस्कार किंवा राष्ट्रपती पुरस्काराचा बॅज तर ज्याने मिळवला त्याचाच. तो हयात असेल तर छायाचित्र घ्या, हकिकत लिहून घ्या, वस्तू त्याच्या घरीच राहू द्या. असे बॅज विक्रीला असल्याची जाहिरात हे मासिक छापणार नाही.

या अंकासोबत एक जाड कागद दिला आहे. त्यावर वस्तूसाठी चारच ओळी आहेत आणि माणसासाठी पूर्ण पान. वस्तू हातात घेण्याआधी तो भरा. समोरचा माणूस बोलत असताना भरा, घरी येऊन नव्हे. त्याची परवानगी असेल तेवढेच लिहा. गावाचे नाव त्या माणसाच्या तोंडी असेल तसे लिहा. नकाशावर काय आहे ते नंतर पाहता येईल. भरलेल्या कागदाची एक प्रत त्याच्याच घरी ठेवा, पेटीत, सदऱ्याच्या घडीत.

मधल्या पानावर एका स्कार्फचे छायाचित्र आहे. गर्द तांबडा रंग, पिवळी कड, एका टोकाला शाईने लिहिलेला 'हरिण' हा शब्द, म्हणजे बहुधा संघाचे नाव. चामोर्शीच्या आठवडी बाजारात एका जुन्या गाठोड्यात तो मला मिळाला. विकणाऱ्याला काही माहीत नव्हते. त्या पथकात कुणी असेल, किंवा हा रंग कुणी गळ्यात बांधला असेल, तर कळवा. स्कार्फ त्याच्या हाती परत द्यायला मी स्वतः येईन, आणि या वेळी वही सोबत असेल.