मैदान आणि पाटी

चिपळूणसारख्या गावी एका पिढीपूर्वी जो प्रश्न कोणाच्या स्वप्नातही आला नसता, तो आता सुशिक्षित घरांत रात्रीच्या पंगतीला येऊन बसू लागला आहे. मुलगा धावण्यात चपळ निघाला, मुलगी पोहण्यात किंवा खो-खोत तालुक्याबाहेर नाव काढू लागली, आणि प्रशिक्षकाने ‘हिला आणखी वेळ द्या’ असे सांगितले, की आईबाप एकमेकांकडे पाहतात आणि हलक्या आवाजात विचारतात : हिला शाळेतून काढून घरीच शिकवावे काय? पवन तलावाच्या मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांत हीच कुजबुज आहे. तालुक्यातच डेरवण येथे क्रीडा संकुल उभे राहिल्यापासून आणि तेथील यूथ गेम्ससाठी दूरदूरची मुले येऊ लागल्यापासून तर खेळ हा केवळ फावल्या वेळचा विरंगुळा आहे, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. तेव्हा या प्रश्नाची थट्टा न करता त्याचा नीट विचार करणे हे वृत्तपत्राचे कर्तव्य ठरते.

प्रथम पालकांची बाजू मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. पहाटे दोन तास सराव, सायंकाळी दोन तास सराव, मध्ये शाळेचे सहा तास, जाण्यायेण्याचा वेळ, शिकवणी आणि गृहपाठ, एवढे सगळे चोवीस तासांत बसविताना काहीतरी कापले जातेच. आमचा अनुभव असा की, सर्वांत आधी कापली जाते ती मुलाची झोप. आम्ही काही वर्षे वर्गात उभे राहून शिकविले आहे. मागच्या बाकावर डोळे मिटून बसणाऱ्या मुलावर खडू फेकण्याआधी तो पहाटे कितीला उठला, हे विचारावयाचे आम्हालाही सुचले नव्हते. जी शाळा अशा मुलाला ‘हजर’ म्हणून नोंदवते, ती त्याला शिकवतेच असे म्हणता येणार नाही. मग तेच सहा तास घरी तीनात आटोपून उरलेला वेळ मैदानाला द्यावा, असे एखाद्या बापाला वाटले, तर त्यात त्याचा अविवेक नाही.

कायद्याची स्थितीही समजून घेतली पाहिजे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आणि मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. ते न पाळणाऱ्यास त्या कायद्यात दंड सांगितलेला नाही. तथापि दंड नाही म्हणून कर्तव्य नाही, असा अर्थ काढणे सुसंस्कृत माणसाला शोभत नाही. चौदा वर्षांनंतर मात्र मार्ग पुष्कळ मोकळा होतो. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीसाठी नाव नोंदविता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या अवधीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एकदोन विषय घेऊन, स्पर्धांचा हंगाम सांभाळून परीक्षा देता येते. राज्य मंडळाचा सतरा क्रमांकाचा अर्ज तर आमच्या पिढीच्याही चांगल्या परिचयाचा आहे. एवंच दार बंद नाही. प्रश्न आहे तो त्यातून कोणी, केव्हा आणि काय सोबत घेऊन बाहेर पडावे, याचा.

घरी शिकून मोठी झालेली उदाहरणे आहेतच, आणि ती आता प्रत्येक पालकाच्या तोंडी असतात. डी. गुकेश याने चौथीनंतर नियमित शाळा सोडली आणि १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे अवघ्या अठराव्या वर्षी तो बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. हंगेरीतील पोल्गार भगिनी घरीच शिकल्या आणि त्यांतील धाकटी ज्युडिट १९९१ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. परंतु या उदाहरणांचा उत्तरार्ध सांगावयाचे राहून जाते. गुकेशचे वडील कान-नाक-घशाचे शल्यविशारद आणि आई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. मुलाबरोबर देशोदेशी हिंडण्यासाठी वडिलांनी आपला व्यवसाय बाजूला ठेवला. पोल्गार मुलींचे वडील शिक्षणशास्त्राचे अभ्यासक, आई भाषांची शिक्षिका. त्या घरांनी शाळा सोडली तेव्हा दुसरी शाळा घरात उभी केली होती. जेथे आईबाप दोघेही सकाळी नऊला कामावर जातात आणि मुलाच्या हाती भ्रमणध्वनी देऊन ‘यावर शिक’ असे सांगतात, तेथे होते त्याला गृहशिक्षण म्हणता येत नाही. ते शाळा सोडणेच होय. २०२० च्या मार्चमध्ये महामारीने शाळा बंद पडल्या, तेव्हा हा प्रयोग आपण सर्वांनी सक्तीने करून पाहिला आहे. त्यातून कोणती मुले पुढे गेली आणि कोणती अक्षरओळखीपाशीच अडली, हे चिपळूणच्या कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला विचारावे.

दुसऱ्या बाजूचीही उदाहरणे विसरता येत नाहीत. २००६ सालच्या मे महिन्यात चार वर्षांचा बुधिया सिंग पुरीपासून भुवनेश्वरपर्यंत पासष्ट किलोमीटर धावला, तेव्हा देशाने टाळ्या वाजविल्या. पुढे सरकारला त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी घालावी लागली. तो धावपटू म्हणून जगापुढे आलाच नाही. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० साली तेराव्या वर्षी व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली आणि किशोरवयातच खेळाला व जगण्याला विटून बाजूला झाली. ती पुढे परत आली व जिंकलीही. परंतु महिला टेनिसच्या संघटनेला त्यानंतर कोवळ्या मुलींच्या सामन्यांवर वयाची मर्यादा घालणारे नियम करावे लागले. क्रीडावैद्यकाचे तज्ज्ञ आता एक साधा हिशेब सांगतात : मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास त्याने आठवड्यात एका खेळाचा संघटित सराव करू नये, आठवड्यात एकदोन दिवस आणि वर्षात दोनतीन महिने त्या खेळापासून विश्रांती घ्यावी. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्याला बारा तास पुरेसे असतील, तर त्यासाठी शाळा सोडण्याचे कारणच काय उरते? शाळेमुळे वेळ मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्या पालकाने हा हिशेब कागदावर एकदा मांडून पाहावा.

आणखी एक तिसराच मार्ग रूढ होत आहे, त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मुलाचे नाव शाळेच्या पटावर ठेवावयाचे, पंचाहत्तर टक्के हजेरीची अट कागदावर पुरी करून घ्यावयाची, आणि मूल मात्र दूरच्या एखाद्या अकादमीत. यात शाळेचा पट राखला जातो, पालकाची सोय होते आणि कोणाचे काही बिघडत नाही, असे समजले जाते. बिघडते ते मुलाचे. ज्या वयात पंचाचा निर्णय मानावा आणि खोटी धाव मागू नये, हे त्याला शिकवावयाचे, त्याच वयात त्याची रोजची खोटी हजेरी वडीलधारी माणसे लावतात. त्यापेक्षा उघडपणे शाळा सोडून मुक्त विद्यालयात नाव घालणारा बाप आम्हाला शतपटीने प्रामाणिक वाटतो.

शाळा सोडण्याआधी व्यवहाराचीही दोन गणिते सोडविली पाहिजेत. शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत शाळेच्या नावावर खेळल्या जातात. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडा गुण याच शिडीशी निगडित आहेत. शाळेचे नाव सुटले की ही शिडी आपल्याला राहते काय, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात आधी विचारून घ्यावे. नंतरच्या पश्चात्तापाचा उपयोग नाही. दुसरे असे की, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. परंतु त्या जागेसाठी लागणारी शैक्षणिक पात्रता खेळाडूलाही चुकत नाही. घरी पदके टांगलेली आणि हाती पदवी नाही, अशा खेळाडूला तेही दार बाहेरूनच पाहावे लागते. शिवाय गुडघा दुखावणे ही एका क्षणाची गोष्ट आहे. त्या क्षणानंतरचे चाळीस वर्षांचे आयुष्य कशाच्या आधारावर काढावयाचे, याचे उत्तर मैदानाकडे नसते.

मुलींच्या बाबतीत आम्हाला अधिक भय वाटते. मुलगा घरी शिकतो तेव्हा तो ‘खेळाडू’ असतो. मुलगी घरी राहिली की ती हळूहळू ‘घरात असलेली’ होते. सकाळचे पाणी, धाकट्या भावाचा डबा, आजीचे औषध, असे करता करता सरावही सुटतो आणि पुस्तकही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे झालेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या मुलींनी अजिंक्यपद मिळविले, आणि त्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची होती. अशा मुली आमच्या आळीतूनही निघाव्यात, असे वाटत असेल, तर घराबाहेर पडण्याचा त्यांचा जो एकमेव निर्विवाद हक्क आहे, तो शाळेचा हक्क काढून घेण्याआधी दहादा विचार करावा.

आमचे मत असे : चौदा वर्षांपर्यंत मुलाला शाळेतून काढू नये. चौदानंतर ज्याचा दर्जा राज्य पातळीवर सिद्ध झाला आहे, ज्याची स्वतःची तशी इच्छा आहे आणि ज्याच्या घरी रोज दोनतीन तास शिकविणारे जबाबदार माणूस आहे, त्यानेच मुक्त विद्यालयाचा मार्ग धरावा. तोही दर वर्षी फेरविचार करण्याच्या बोलीने. बाकीच्यांसाठी वाकले पाहिजे ते शाळेने.

आणि शाळा वाकू शकते, याचा इतिहास आपल्या अगदी शेजारी आहे. कुंभार्ली घाट चढून पलीकडे उतरले की कराड लागते. त्याच्या कुशीतील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. त्यांना तेथवर पोहोचविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. सचिन तेंडुलकरने रमाकांत आचरेकरांच्या सांगण्यावरून शाळा बदलली ती खेळाला अनुकूल अशी शाळा मिळावी म्हणून. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळविणारा राधानगरी तालुक्यातील स्वप्निल कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, आणि त्याचे वडील तर शिक्षकच आहेत. महाराष्ट्राच्या मोठ्या खेळाडूंच्या मागे बहुधा एखादा शिक्षक किंवा एखादी संस्था उभी असलेली दिसते, ही गोष्ट योगायोगाची नव्हे.

चिपळूणच्या शाळांकडे आम्ही घर गहाण टाकण्याची मागणी करीत नाही. आमची मागणी वेळापत्रकाची आहे. कोकणात जून ते सप्टेंबर मैदानावर पाय ठेवता येत नाही. चिखलात धावणार कोण? निसर्गानेच हे चार महिने अभ्यासाला नेमून दिले आहेत. खेळाडू मुलांचा निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम या काळात, जादा तास घेऊन, पुरा करावा. त्यांनी घरातच अंग कमवावे. आणि ऑक्टोबरपासून त्यांना दुपारनंतर दोन तास लवकर सोडावे. प्रत्येक शाळेत एका शिक्षकावर या मुलांचे बुडलेले पाठ भरून काढण्याची जबाबदारी सोपवावी. मुलाची एकच वही असावी आणि तिच्यावर शिक्षक व प्रशिक्षक या दोघांच्याही सह्या असाव्यात, म्हणजे एकाला दुसऱ्याचा भार कळेल. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ पासून राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गुंतलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा वेगळ्या तारखेस घेण्याची सोय केली आहे. स्पर्धा आणि परीक्षा यांत मुलाला निवड करावयास लावू नये, हे तत्त्व सर्वच मंडळांनी आणि खालच्या इयत्तांनीही मानावे. आणि जी थोडी मुले खरोखरच घरी शिकतील, त्यांना शहरातील १८६४ सालापासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात एक टेबल आणि शाळेच्या प्रयोगशाळेत आठवड्याचा एक तास मिळावा. यास फारसा पैसा लागत नाही. लागते ते मन.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी या शहरावर चढले तेव्हा घरोघरच्या पाट्यापुस्तकांचा चिखल झाला. तरीही महिन्या-दोन महिन्यांत ती वाळवून, नवी मिळवून मुले पुन्हा अभ्यासाला बसली. पुराने नेलेले दप्तर परत येते. आपल्याच हातांनी, पदकाच्या आशेने, अकाली काढून घेतलेले दप्तर मात्र बहुधा परत येत नाही, आणि ज्या मुलाचे ते गेले त्याला आपण काय गमावले, हे तिशीत कळते. मुलगी मैदानावर धावू द्यावी, जीव तोडून धावू द्यावी. धावून परतल्यावर तिची पाटी तिच्यासाठी जागेवर असेल, एवढी हमी या गावाच्या पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून तिला द्यावी.