एका पेटीत मावेल एवढाच कागद



श्रुतपंचमी झाली. दरवर्षीप्रमाणे पूजेनंतर इतवारीतल्या आमच्या मंदिरात आम्ही दहा-बारा जणी ग्रंथांच्या कपाटापाशी बसलो. एकेक ग्रंथ काढायचा, मऊ फडक्याने पुसायचा, कुठे कसर लागली आहे का ते पाने चाळून बघायचे, वेष्टन विरले असेल तर नवे घालायचे आणि वहीतल्या क्रमांकाशी ताडून परत जागेवर ठेवायचा. अडीच तासांत चार कपाटे झाली.

घरी आले आणि माझ्या स्क्रॅपबुकच्या कागदांचे कपाट उघडले, तर वरचा गठ्ठा थेट अंगावर आला.

मंदिरातले शेकडो ग्रंथ आम्ही एका सकाळी लावू शकतो आणि माझे स्वतःचे कागद मला सहा वर्षांत लावता आले नाहीत, याची लाज वाटली. त्याच दुपारी कूलर बंद केला (त्याच्या ओलसर हवेत कागद पापडासारखा वळतो), हॉलमध्ये चटया अंथरल्या आणि सगळे खाली काढले. कामाला येणाऱ्या मावशी दारातच थबकल्या. म्हणाल्या, "काय करून राहिल्या ताई? विकायचं आहे काय हे सारं?" मुलीने मोजायला घेतले. बारा बाय बारा इंचाचे अख्खे कागद निघाले ४१२. तुकडे वेगळेच.

"आई, इतक्या कागदांचे किती अल्बम होतील गं?" तिने विचारले.

हिशोब केला, तर वीसेक अल्बम सहज झाले असते. मी आजवर पूर्ण केलेत दोन.

आमच्या महिला मंडळात या छंदावर दोन मते आहेत. काही जणी म्हणतात, फोटो फोनमध्ये असतात, मग कागद कशाला? हा शुद्ध परिग्रह आहे. काही जणी म्हणतात, कोणी दागिने जमवते, कोणी साड्या; कागदाने कोणाचे काय बिघडते? मला दोन्ही मते अर्धीच वाटतात. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतले शेवटचे व्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. गृहस्थाला सगळे सोडायला सांगितलेले नाही, मर्यादा ठरवायला सांगितली आहे. आणि उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचा अर्थ वस्तूंच्या मोजणीवर ठेवलेला नाही, मनाच्या आसक्तीवर ठेवला आहे. म्हणजे कागद घेतल्याने परिग्रह होत नाही. "हा इतका छान आहे, आत्ता नको, चांगल्या कामासाठी ठेवू" असे म्हणून तो कपाटात लपवला, की होतो. माझे ४१२ कागद याच वाक्याने जमले होते.

त्या वाक्याची किंमत किती, हे गठ्ठ्याच्या तळाशी कळले.

तळाशी एक न फोडलेले पाकीट होते. मोतिया आणि गडद लाल रंगाचे चोवीस कागद. २०१८ मध्ये सासूबाईंची पंच्याहत्तरी होती, तेव्हा त्यांच्या अल्बमसाठी घेतलेले. त्यांच्या लग्नापासूनचे फोटो लावायचे, प्रत्येकाखाली त्यांच्याकडून विचारून चार ओळी लिहायच्या, असे ठरवले होते. आई मधून मधून विचारायच्या, "माझं पुस्तक कुठवर आलं?" मी म्हणायची, "अहो आई, सोनेरी किनारीचा कागद मिळाला की बसूच." तो मिळालाही. मग चांगली कात्री हवी होती. मग मुलीची दहावी आली. २०२१ मध्ये आई गेल्या.

त्यांच्या १९६३ च्या लग्नातला एक फोटो आहे. ओसरीवर अकरा बायका उभ्या आहेत. आईंसकट चौघींची नावे आम्हाला सांगता येतात. उरलेल्या सात जणी कोण, हे आता आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. आईंना सगळ्या माहीत होत्या. दुपारच्या चहाला दहा मिनिटे बसले असते, तर पेन्सिलीने मागे लिहून झाले असते. मी कागद जपला. पाकिटाला सुरकुतीसुद्धा पडलेली नाही. नावे मात्र गेली.

म्हणून आता आवराआवरीचे बोलते आहे ते कपाट सुंदर दिसावे म्हणून नाही.

माझे माहेर कारंजा लाडचे. तिथल्या मंदिरांतली ग्रंथभांडारे प्रसिद्ध आहेत. आम्ही लहान असताना ती कापडात बांधलेली बासने फक्त लांबून बघायचो. मोठेपणी कळले, की रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची तयार केली आणि ती १९२६ मध्ये आपल्या नागपुरातून छापली गेली. तिच्यात कारंज्याचे ग्रंथ नोंदले गेले आणि जगाला कळले, की पुष्पदंत कवीची अपभ्रंश काव्ये या कपाटांत आहेत. १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी संपादित केलेले 'जसहरचरिउ' आले, १९३३ मध्ये प्रा. हिरालाल जैन यांनी संपादित केलेले 'णायकुमारचरिउ'. याच प्रा. जैन यांनी पुढे षट्खंडागमाचे काम हाती घेतले आणि त्याचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला. षट्खंडागम पूर्ण झाल्याच्या स्मरणार्थच आपण श्रुतपंचमी करतो. ग्रंथ शतकानुशतके होतेच. पण कोणीतरी बसून एकेक बासन सोडले, काय आहे ते लिहून काढले, तेव्हा ते वाचणाऱ्यापर्यंत पोचले. माझे कागद ग्रंथ नव्हेत, हे मला कळते. पण आपल्याकडे काय आहे हे माहीत नसले, तर ती वस्तू असून नसल्यासारखी, हे दोन्हीकडे सारखेच.

तर मी काय केले ते सांगते. तुमच्याकडे लग्नपत्रिका, गिफ्टचे कागद, मुलांचे क्राफ्टचे सामान साठले असेल, तरी हेच चालेल.

आधी मी विषयाप्रमाणे लावायची: वाढदिवस, सहल, दिवाळी. ती चूक होती. 'वाढदिवस' गठ्ठ्यातला सुंदर पिवळा कागद मग वाढदिवसाशिवाय कशालाच हात लावू देत नाही. यावेळी कामाप्रमाणे लावले. जाड, साधा, २०० जीएसएमच्या वरचा कागद पानाच्या तळासाठी. नक्षीचा पातळ कागद वर लावायला. हातकागद वेगळा. उरलेले तुकडे वेगळे. मग प्रत्येक गठ्ठ्यात रंगाप्रमाणे. तळहाताहून लहान तुकडे सगळे पाठशाळेच्या मुलांना दिले. त्यांनी दोन रविवारांत त्यांचे समवसरण करून टाकले.

कागद टिकाऊ आहे की नाही, हेही याच वेळी बघावे. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन राहते, आम्लही असते. म्हणून वर्तमानपत्र पिवळे पडून तुटते. असा कागद फोटोला चिकटून ठेवला, तर फोटोही डागाळतो. पाकिटावर 'अ‍ॅसिड-फ्री' आणि 'लिग्निन-फ्री' लिहिले आहे का ते पाहा. जुन्या पोथ्या टिकल्या, कारण तो कागद चिंध्यांचा, हाताने केलेला होता. पेशवाईत जुन्नरचा कागद नावाजलेला होता. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेने ती कला पुढे चालवली. फोटोंवर घालायला पीव्हीसीची पारदर्शक पाकिटे नकोत. उन्हाळ्यात फोटो त्यांना चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची चालतात.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न असतो, हे कशापासून केले आहे? 'मलबेरी पेपर' बघून एका मैत्रिणीने कागद परत केला. तिला वाटले तुती म्हणजे रेशीम, म्हणजे किडे. तो कागद तुतीच्या जातीच्या झाडांच्या सालीचा असतो, त्यात किडा मरत नाही. उलट चित्रकलेच्या काही महागड्या जलरंगाच्या कागदांना जिलेटिन लावलेले असते, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पिसांची सजावट आणि जुन्या पद्धतीचा सरस मी घेत नाही. साधा पांढरा कृत्रिम गोंद पुरतो. खळ लावाल, तर कसरीला आमंत्रणच.

कसर आणि वाळवी यांचे म्हणाल, तर मारायची वेळ येऊ न देणे हाच आपला यत्नाचार. श्रुतपंचमी ज्येष्ठात येते, नवतपा संपत आलेला असतो आणि पाऊस दारात असतो. ओल यायच्या आत ग्रंथ पुसून बांधून ठेवायचे, यात शहाणपण आहे. आमच्या श्वेतांबर मैत्रिणींची ज्ञानपंचमी कार्तिकात, पाऊस संपल्यावर येते. मी आता दोन्ही पाळते: ज्येष्ठात बांधायचे, कार्तिकात उघडून बघायचे. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. कागद आडवेच ठेवा. ऊन दाखवू नका, रंग उडतो. सावलीतला वारा पुरे. डांबरगोळ्यांऐवजी वेखंडाची पुरचुंडी ठेवा. ग्रंथभांडारांत पूर्वीपासून वेखंडच वापरत आले आहेत. फक्त ती कागदाला टेकू देऊ नका, डाग पडतो.

एका गठ्ठ्याला मात्र कात्री लावता आली नाही. पंचकल्याणकाच्या, विधानाच्या, लग्नाच्या पत्रिका. कागद जाड, सुरेख आणि वर भगवंतांचे चित्र, णमोकार मंत्र. कापायचे कसे आणि रद्दीत द्यायचे कसे? अविनय नको म्हणून सगळ्यांच्या घरी हे ढीग वाढत आहेत. माझे स्पष्ट मत आहे, की दोन दिवसांत शिळ्या होणाऱ्या पत्रिकेवर भगवंतांचे चित्र छापूच नये. एक स्वस्तिक किंवा कलश पुरेसा आहे. आमच्याकडे पुढचे लग्न निघेल तेव्हा मी हे करणार आहे, आणि नातेवाईक काय म्हणतील तेही ऐकून घेणार आहे.

शेवटी मर्यादा. एक झाकणाची पेटी ठरवली. तीत अख्खे दीडशे कागद मावतात. तेवढेच ठेवले. बाकीचे मैत्रिणींना, शाळेला, पाठशाळेला दिले. देताना जीव अडकला, खोटे कशाला सांगू? एका मोरपिशी कागदाला मी तीनदा परत उचलले. मुलगी हसत होती. पण तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी मला त्याची आठवणही आली नाही. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवली आहे. या चातुर्मासात नवा कागद विकत न घेण्याचा नियम घेतला आहे. पेटीतला संपला, तरच पुढे बघू.

आणि ते मोतिया-लाल पाकीट फोडले. सगळ्यात चांगला कागद सगळ्यात आधी वापरायचा, हा आता घरचा नियम. माझी माहेरची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्याकडे पत्र्याच्या डब्यात फोटो आहेत. मागच्या रविवारी कारंज्याला जाऊन आले. कागद नेलेच नाहीत, फक्त मऊ पेन्सिल आणि वही नेली. तिने नावे सांगितली, मी फोटोच्या मागे कडेला हलक्या हाताने लिहिली. एका दुपारी साठ फोटो झाले. सजावट नंतर होईल, नाही झाली तरी चालेल.

सासूबाईंच्या त्या फोटोसाठी मोतिया रंगाचे एक पान केले आहे. चार नावे लिहिली आणि सात जागा रिकाम्या ठेवल्या. दसलक्षणात नातेवाईक येतात, तेव्हा ते पान सगळ्यांसमोर ठेवणार आहे. कोणा आत्याला, मावशीला एखादे नाव आठवले, तर भरू.

तुमच्याही कपाटात असे एखादे न फोडलेले पाकीट असेल. या आठवड्यात ते फोडा. आणि त्याआधी, ज्यांच्यासाठी घेतले होते त्यांच्यापाशी जाऊन बसा.

जय जिनेंद्र!