पदवीचे माप

मुळशी तालुक्यातील लवळ्याच्या टेकड्यांवर आज विद्यापीठे उभी आहेत. तिथला विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला : ‘किती वर्षांचे?’ काय शिकणार, हे क्वचितच विचारले जाते. या वर्षमोजणीलाच आमचा आक्षेप आहे.

साधी एम.ए. घ्या. पुण्यात ती तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांनी मिळते. एडिंबरोत ती चार वर्षांची पहिलीच पदवी असते. ऑक्सफर्डचा बी.ए. प्रवेशानंतर सात वर्षांनी परीक्षेविना एम.ए. होऊ शकतो. इंग्लंडात इतरत्र ती बहुधा एका वर्षाची. पण त्या वर्षातला उन्हाळाही प्रबंधात जातो. मग ही दोन अक्षरे नेमके काय सांगतात?

ब्रिटनमधील ते एक वर्ष आपण दीर्घकाळ अपुरे मानले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची वाट आपल्याकडेही खुली केली. २०२२ च्या भारत-ब्रिटन कराराने तिकडच्या वर्षालाही मान्यता दिली. विद्या तीच राहिली, शिक्का बदलला. मधल्या काळात ज्यांच्या नोकऱ्या त्या शिक्क्यापायी अडल्या, त्यांना उत्तर कोण देणार? पदवी तोलायचीच, तर प्रबंध वाचून तोलावी. पंचांग पाहून नव्हे.