घर थंड ठेवणारं इन्सुलेशन आगीत काय करतं? ग्रेनफेल टॉवरच्या आगीतून कळलेलं सत्य

१४ जून २०१७. लंडनमधल्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधला फ्रीज पेटला. आग एका घरापुरती राहायला हवी होती. पण ती बाहेरच्या भिंतीवर गेली आणि अर्ध्या तासाच्या आत छतापर्यंत पोहोचली. ७२ जणांचा जीव गेला.

भिंतीवर असं काय होतं?

इमारत काँक्रीटची होती. पण वर्षभरापूर्वीच संपलेल्या नूतनीकरणात भिंतींवर फोमचे इन्सुलेशन बोर्ड बसवले होते. त्यावर थोडी मोकळी जागा सोडून अ‍ॅल्युमिनियमचे पॅनेल लावले होते. या पॅनेलच्या आत पॉलिएथिलीन, म्हणजे प्लास्टिक होतं. मधल्या मोकळ्या जागेने धुराड्यासारखं काम केलं.

चौकशी समितीच्या मते आग पसरण्याचं मुख्य कारण हे पॅनेल होते, पण फोमनेही त्यात भर घातली. सप्टेंबर २०२४ च्या अंतिम अहवालात सर्व मृत्यू टाळता आले असते, असं स्पष्ट म्हटलं आहे. फोमच्या एका चाचणीत आग अडवणारे मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड लावले होते, पण चाचणीच्या अहवालात त्यांचा उल्लेखच नव्हता.

कोणतं मटेरियल कसं जळतं?

- रॉकवूल, ग्लास वूल: दगड आणि काचेपासून बनतात. स्वतः पेट घेत नाहीत.
- थर्माकोल: साधारण १०० अंशांनंतर मऊ पडतो, वितळतो आणि जळते थेंब खाली पडतात.
- पफ (पॉलियुरेथेन फोम): वेगाने पेटतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतो.
- पीआयआर फोम: वरचा थर कोळशासारखा होतो, त्यामुळे पफपेक्षा उशिरा पेटतो. पण जळतो आणि विषारी धूर सोडतो.

‘फायर रिटार्डंट’ म्हणजे ‘न जळणारं’ नव्हे. ते फक्त उशिरा पेट घेतं.

याचा आपल्याशी काय संबंध?

उन्हाळ्यात गच्चीवर, पत्र्याखाली किंवा फॉल्स सीलिंगच्या वर आपल्याकडेही थर्माकोल आणि पफ वापरले जातात. सीलिंगच्या वरून तर विजेच्या वायरीही जातात. तिथे शॉर्टसर्किट झालं, तर आग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून काम देण्याआधी कंत्राटदाराला तीन गोष्टी विचारा: मटेरियल नेमकं कोणतं आहे? ते ‘नॉन-कम्बस्टिबल’ आहे की फक्त ‘फायर रिटार्डंट’? आणि टेस्ट रिपोर्ट नुसत्या शीटचा आहे की पूर्ण भिंतीचा किंवा छताचा? फोम वापरायचाच असेल, तर तो उघडा ठेवू नका. वर प्लास्टर किंवा जिप्सम बोर्ड लावून घ्या आणि वायरी कंड्युटमधूनच न्या.

ब्रिटन सरकारने २०१८ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये १८ मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वलनशील मटेरियलवर बंदी घातली. ग्रेनफेलमधल्या ७२ जणांसाठी तो नियम दीड वर्ष उशिरा आला.