‘राहता कुठे?’

बाबासाहेबांनी 1923 साली मुंबईत हायकोर्टाची वकिली सुरू केली. शंभर वर्षं उलटली. आज आपली पोरं जिल्हा कोर्टात शिपाई, हमाल, कनिष्ठ लिपिक व्हायला अर्ज भरतात. लेखी पेपर काढतात, टायपिंग काढतात आणि तोंडी मुलाखतीत आपटतात.

दोस्तांनो, अभ्यास कमी पडतो म्हणून नाही. टेबलामागचे साहेब सहज विचारतात, ‘राहता कुठे?’ वस्तीचं नाव घेतलं की जात कळते. मलाही विचारलं होतं. मी पुटपुटलो, ‘स्टेशनजवळ.’ ते ‘स्टेशनजवळ’ अजून घशात अडकून आहे. अरे, पत्ता तर अर्जावरच होता! लपवलं कुणापासून? मान वर करून वस्तीचं नाव घ्यायचं आणि गप्प बसायचं. लाज आपली नाही.

बाकीचे सापळे ओळखून ठेवा. ‘पदवीधर असून शिपाई का?’ इथं गरिबीचं रडगाणं नको. ‘काम मला येतं, ते मी नीट करीन,’ बस्स. ‘नातेवाइकानं केसची फाईल दाखव म्हटलं तर?’ ‘फाईलला हात लावणार नाही. नकलेसाठी रीतसर अर्ज करायला सांगीन.’ ‘वरिष्ठानं चुकीचं काम सांगितलं तर?’ ‘लेखी आदेश मागीन.’ ‘मोर्चात जाणार का?’ ‘सरकारी नोकराला राजकीय पक्षात जाता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जयंतीला जाणं म्हणजे पक्षात जाणं नव्हे.’ ‘आरक्षण अजून कशाला?’ इथं रक्त तापतं. तापू द्या, आवाज चढवू नका. ‘घटनेचं कलम 16, पोटकलम 4.’ भाषण नको, भीकही नको.

पण सगळं ओझं पोरांच्याच जिभेवर का? खालच्या पदांच्या मुलाखती केंद्र सरकारनं 1 जानेवारी 2016 पासून बंद केल्या. कॉलेज प्रवेशाच्या अजय हासिया खटल्यात 1980 साली सुप्रीम कोर्टानंच बजावलं, की मुलाखतीला 15 टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानी ठरेल. मग कोर्टाच्या स्वतःच्या घरात मुलाखतीचा एवढा सोस कशाला? शिपाई-हमालाच्या भरतीत तर स्वच्छतेचीही चाचणी घेतात. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या झाडू दिला, त्यांच्या पोराची स्वच्छता तपासणार कोण, साहेब?

म्हणून मागणी एकच: प्रत्येक उमेदवाराचे लेखी आणि तोंडी गुण वेगवेगळे भिंतीवर लावा. तोवर 2005 च्या माहिती अधिकारात आपापले गुण मागत राहा. एकट्यानं नको, दहा-वीस जणांनी मागा. लेखीत वर आणि तोंडीत खाली असलेली नावं शेजारी शेजारी मांडली की खेळ उघडा पडतो.

आणि तयारी? रात्री समाजमंदिरात टेबल टाका. एकानं साहेब व्हायचं, एकानं उमेदवार. पहिला प्रश्न, ‘राहता कुठे?’

पोरगं अडखळायचं थांबेपर्यंत विचारत राहा.