पत्त्यावरचं नाव

काळेवाडी फाट्यावरच्या छापखान्यात वाढदिवसाचा जादूगार कार्ड छापायला आला, की बहुतेकदा सगळंच छापून घेतो: टोपी, ससा, कबुतर, तीन मोबाइल नंबर, शिवाय मिमिक्री, टॅटू आणि फुग्यांची सजावट. साडेतीन बाय दोन इंचांत एवढी गर्दी झाल्यावर नाव शोधायला चष्मा लागतो. खरं तर धडा जवळच आहे. चाकणजवळच्या आंबेठाणात १९२४ साली जन्मलेल्या रघुवीर भोपळे यांनी आडनाव बाजूला ठेवलं आणि जाहिरातीत दोनच शब्द उरले, ‘जादूगार रघुवीर’. पुढच्या पिढ्यांनी तेच नाव आडनावासारखं लावलं. अमेरिकेतला जादूगार हॉवर्ड थर्स्टन तर स्वतःचं चित्र छापलेले पत्ते थेट प्रेक्षकांत भिरकावायचा. लोक ते झेलायचे, घरी जपायचे. आपल्याकडे कार्ड भिरकावलं तर यजमान रागावेल, हा भाग वेगळा! पण पत्त्याच्याच आकाराचं, गोल कोपऱ्यांचं कार्ड हातात पडलं, तर पोरं ते सहसा टाकत नाहीत. समोर ठसठशीत नाव, खाली एकच नंबर आणि काय करतो ते एका ओळीत. क्यूआर कोड हवाच असेल तर मागच्या कोपऱ्यात, आणि तो खेळाच्या व्हिडिओवर नेणारा. कागद तीनशे जीएसएमचा घ्या. चकचकीत लॅमिनेशन मात्र पुढच्याच बाजूला करायला सांगा. मागे ते केलं, तर यजमानाला वाढदिवसाची तारीख आणि दिलेला विसार बॉलपेनने लिहिता येत नाही.