रायफल जुनी असली तरी

नांदेडकडून बासरला अक्षराभ्यासासाठी मुले घेऊन येणारे काही परिचित हल्ली आमच्याकडे नेमबाजीचीही चौकशी करतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक पटकावले. मुलगा शिक्षकाचा, तेव्हा इतर शिक्षकांच्या घरी आशा पालवली, यात नवल ते काय? परदेशी रायफलची किंमत ऐकताच मात्र ती कोमेजते.

आमच्या मते, क्लबची जुनी पॉइंट टू-टू रायफल मिळत असेल तर नव्या नळीचा विचार सर्वांत शेवटी करावा. पैसा आधी काडतुसांवर घालावा. एकाच कंपनीच्या दोन खेपांतही फरक पडतो आणि प्रत्येक नळीची आवड निराळी. निरनिराळ्या खेपांची थोडी थोडी काडतुसे आणून, रायफलीला भक्कम टेकू देऊन, प्रत्येकीच्या दहा गोळ्या पन्नास मीटरवर झाडाव्यात. जिची छिद्रे एकमेकांत मिसळतील, तिचाच साठा करावा. दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे आहे!

पुढे दस्त्याचे स्क्रू दर खेपेस सारख्याच ताणाने आवळावेत. गालाचा व खांद्याचा आधार मुलाच्या अंगाबरहुकूम करून घ्यावा. मूल वाढते, दस्ता वाढत नाही. चापाची यंत्रणा मात्र परवानाधारक कारागिराखेरीज कोणीही उघडू नये.

गोळीविना सराव फुकटचा, तरी त्यालाही पथ्य आहे. नळी रिकामी ठेवून चाप ओढल्यास आतली पिन नळीच्या काठावर आदळून खाच पाडू शकते. म्हणून सरावाचे खोटे काडतूस घालावे.